एफडी म्हणून दिली, निघाली पॉलिसी

बाबा एसटीत कंडक्टर होते. तिकिटांच्या हिशोबात कधी चार आणे इकडचे तिकडे झाले नाहीत. निवृत्तीचे पैसे बँकेत ठेवायला गेले आणि तिथे फसले.

साहेबांनी केबिनमध्ये बसवून चहा पाजला. "काका, एफडीच आहे, फक्त व्याज जास्त." दोन लाखांचा चेक घेतला, पेन्सिलीने फुल्या मारलेल्या आठ जागी सह्या घेतल्या, ओटीपी वाचून घेतला. वर, कंपनीचा फोन आला की प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणायचं, हेही शिकवलं. बाबांनी म्हटलं. चहा घेतल्यावर नाही कसं म्हणणार?

वर्षाने मेसेज आला, दुसरा हप्ता दोन लाख भरा. ती दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी होती.

पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. आमची ईमेलवर गेली होती, आणि तो ईमेल बाबांचा नव्हताच. पॉलिसीसाठी भरलेल्या अर्जाची प्रत मी मागून घेतली. तुम्हीही सगळ्यात आधी तीच मागा. त्यात बाबांचा धंदा 'व्यापार', वार्षिक उत्पन्न नऊ लाख! ईपीएसची, म्हणजे पीएफवाली, पेन्शन महिन्याला तीन हजार शंभर येते त्यांना.

शाखेतल्या पोरांवर टार्गेटचा दट्ट्या असतो, हे मला कळतं. पण ते टार्गेट कोणाच्या खिशातून पुरं होतं? दंडाचंही तेच: 2019-20 ते 2023-24 या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिल्लक नाही म्हणून सुमारे 8,500 कोटी दंड कापला. ज्याच्या खात्यात पैसे नाहीत, त्याच्याकडून. करोडपतीला असा दंड कधी बसतच नाही.

शाखेने हात वर केले. मग विमा कंपनीकडे लेखी तक्रार केली. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. आम्ही त्यांच्यापुढे अर्जाची प्रत आणि पेन्शनचं पासबुक शेजारी शेजारी ठेवलं. दोन लाख परत मिळाले, व्याजाविना.

साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनीही परवा बाबांना केबिनमध्ये बोलावलं. बाबा दारातूनच म्हणाले, "चहा नको. पासबुकात एंट्री मारून द्या."