शाळेला अनुदान मिळवून देतो म्हणणारा माणूस आणि आमच्या गावाचे ९९,१२० रुपये

मी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट ४१, शिक्षक दोन. आमच्या भागातल्या बऱ्याच घरांतली कर्ती माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळायचं काम करायला कुणी कोइमतूरला, कुणी अमृतसरला, कुणी कोलकात्याला. लेकरं इथं आजी-आजोबांजवळ. चैत्रात यात्रेला सगळे गावी येतात, आणि शाळेसाठी काय करायचं हे तेव्हाच देवळासमोर बसून ठरतं.

आमच्या पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला २५ हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान असतं. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा. बाकीच्यात वीजबिल, खडू, गळकं छत, मोडलेली तोटी. बाईंच्या किंवा सरांच्या डोक्यात एखादा नवा उपक्रम असला तर त्याला त्यातून काही उरत नाही. म्हणून २०१९ च्या यात्रेत पालकांनी स्वतःहून एक निधी सुरू केला. घरटी ५०० रुपये, गलाईवाल्यांनी मनाला येईल ते. शिक्षकानं एका पानाचा अर्ज लिहायचा, काय करणार, किती मुलांना उपयोग, किती खर्च. पालकांच्या बैठकीत तो वाचायचा. पटला तर ५ हजारांपर्यंत मिळायचे आणि नंतर पावत्या आणून द्यायच्या. एवढा साधा कारभार. सरांनी त्यातून तराजू-वजनं आणून वर्गात बाजार भरवला. मी वाचनपेटी केली, ६४ पुस्तकांची. त्या पेटीतल्या पुस्तकांची पानं आज बोटांनी मऊ पडली आहेत, आणि त्याचा मला फार आनंद आहे.

हे एवढं सविस्तर सांगते, कारण जे गेलं ते नुसते पैसे नव्हते.

२०२५ च्या जानेवारीत मी एक उपक्रम मांडला. भिंतभर भारताचा नकाशा काढायचा, प्रत्येक मुलाचे वडील, काका, मामा ज्या गावात आहेत तिथं टाचणी लावायची. आठवड्यातून एकदा त्यांच्यापैकी एकाशी वर्गातूनच व्हिडिओवर बोलायचं. तिथं कोणती भाषा बोलतात, पाऊस कधी पडतो, भट्टी कशी पेटवतात, हे मुलांनी विचारायचं आणि लिहून ठेवायचं. भूगोलही झाला, लेखनही झालं, आणि बापाचं तोंडही दिसलं. प्रोजेक्टर, टॅब, इंटरनेट धरून अंदाज ६२ हजारांचा निघाला. निधीत तेव्हा ७१ हजार होते. पण सगळं एकाच उपक्रमात घालणं बरं नव्हे, असं मलाच वाटलं. म्हणून मी तो एका पानाचा अर्ज शिक्षकांच्या तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. कुणी दाता माहीत असेल तर सांगा, असं खाली लिहून. माझा मोबाइल नंबरही त्यातच होता.

आठ दिवसांनी फोन आला. बोलणारा अतिशय सभ्य, शुद्ध मराठी. एका सामाजिक संस्थेचा प्रकल्प समन्वयक आहे म्हणाला. त्यानं माझ्या अर्जातलं वाक्यच मला वाचून दाखवलं. आजपर्यंत केंद्राच्या बैठकीतसुद्धा कुणी माझा उपक्रम इतका लक्ष देऊन वाचला नव्हता. मला भरून आलं. इथंच मी अर्धी फसले होते.

पुढच्या आठवड्यात तो गाडी घेऊन शाळेत आला. एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या पैशांतून, आमच्या शाळेला २ लाख ८० हजारांचं साहित्य मिळणार होतं. प्रोजेक्टर, टॅब, विज्ञानपेटी, ग्रंथालयाची कपाटं. अट एकच, ३० टक्के लोकवाटा, म्हणजे ८४ हजार, गावानं आधी भरायचा. कंपनीच्या बोधचिन्हाचं पत्र होतं, देणगीवर करसवलत मिळवून देणारी ८०जी ची पावती होती, कुठल्याशा अधिकाऱ्यासोबतचे फोटो होते. ‘लोकवाटा’ हा शब्द ऐकून गावात कुणाच्याच भुवया उंचावल्या नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या योजनेला पूर्वी १० टक्के लोकवर्गणी भरलेली माणसं आमची. फुकट मिळतंय म्हणाला असता तर शंका आली असती. वाटा मागितला म्हणूनच तो खरा वाटला.

येताना त्यानं सहा तक्ते, एक पृथ्वीगोल आणि निळा फलक आणला होता. फलकावर कंपनीचं नाव आणि ‘आदर्श डिजिटल शाळा’. तो लिंबाखाली बांधला, सगळी मुलं रांगेत उभी केली आणि भरपूर फोटो काढले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या फोटोंचं पुढं काय झालं ते सांगतेच.

मग घाई सुरू झाली. ३१ मार्चला कंपनीचं वर्ष संपतं, त्याआधी वाटा जमा नाही झाला तर निधी दुसऱ्या तालुक्याला जाईल. मुख्याध्यापक सर म्हणाले, समितीत ठराव घेऊ, चेक देऊ. तो म्हणाला, चेक वटायला वेळ जातो, ऑनलाइन टाका. आणि इथं आमच्याच व्यवस्थेतलं भोक उघडं पडलं. शाळा व्यवस्थापन समितीचं खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या जोडसहीवर चालतं. पालकांचा निधी मात्र ‘कशाला ती कटकट’ म्हणून खजिनदार काकांच्या वैयक्तिक खात्यात होता. तिथं ना ठराव लागत, ना दुसरी सही. त्याच संध्याकाळी गावाबाहेरच्या पालकांनी उरलेले १३ हजार पाठवले. काकांनी मोबाइलवर ८४ हजार टाइप केले आणि थांबले.

“बाई, हितं तर कुठल्या एंटरप्रायझेसचं नाव दावतंय. संस्थेचं न्हाई.”

मी फोन करून त्याला विचारलं. तो म्हणाला, साहित्य पुरवठादाराचं खातं आहे, संस्था थेट पैसे हाताळत नाही, त्यामुळंच तर व्यवहार पारदर्शक राहतो. मी काकांना तसं सांगितलं.

“तुमी हाय म्हणताय न्हवं? मग झालं.” आणि त्यांनी पिन दाबला.

त्या वाक्यानं मला अजून रात्री जाग येते. काकांना बरोबर दिसलं होतं. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

चार दिवसांनी ८४ हजारांवर १८ टक्के जीएसटी म्हणून १५,१२० रुपये मागितले. पालकांना पुन्हा कसं विचारायचं, म्हणून सरांनी ५ हजार आणि मी १०,१२० घातले. त्यानंतर साहित्य आज निघालं, उद्या निघालं, टेम्पो बिघडला. मग फोन बंद.

आता जे कळलं ते आधी कळायला हवं होतं. ही माहिती गुप्त नव्हती, पाच मिनिटांत तपासता आली असती.

पत्रावर जिचं नाव होतं त्या कंपनीच्या कार्यालयात मी शेवटी स्वतः फोन लावला. संकेतस्थळावरचा नंबर घेऊन, पत्रावरचा नव्हे. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की आमचा असा कोणताही प्रकल्प नाही, आणि आम्ही शाळेकडून पैसे घेत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ते काम दुसऱ्या संस्थेमार्फत करायचं असेल तर १ एप्रिल २०२१ पासून त्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी लागते, आणि तिला सीएसआर या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळतो. आमच्याकडच्या पत्रावर तसा क्रमांक होता. पण तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका खऱ्या ट्रस्टचा निघाला, ज्यांना या प्रकाराचा पत्ताही नव्हता. ३१ मार्चला पैसे बुडतात हेही अर्धसत्य. चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवून पुढं वापरता येते.

बँकेत असलेल्या माझ्या भावानं पुढची गोष्ट दाखवली. पॅनच्या दहा अक्षरांतलं चौथं अक्षर खातेदार कोण ते सांगतं. ट्रस्ट असेल तर टी, कंपनी असेल तर सी, एकटा माणूस असेल तर पी. जीएसटी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅनच. आमच्या जीएसटीच्या बिलावर सहावं अक्षर पी होतं. म्हणजे ते ‘एंटरप्रायझेस’ हा एकच माणूस होता. बिल माझ्या कपाटात महिनाभर पडून होतं, आणि मी रोज मुलांना अक्षरं वाचायला शिकवत होते.

तक्रारीलाही आम्ही उशीर केला, ही माझी सगळ्यात मोठी चूक. १९ दिवस आम्ही गप्प बसलो. सरांना वाटलं, वरिष्ठांना कळलं तर विनापरवानगी वर्गणी गोळा केली म्हणून आपल्यालाच नोटीस येईल. अध्यक्षांना वाटलं, गावाची इभ्रत जाईल. मला तर कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नव्हतं. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, कारण रक्कम त्या खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते. आम्ही फोन केला तेव्हा खातं रिकामं होतं. पोलिसांनी सांगितलं की पैसे आले त्याच दिवशी पुढच्या खात्यांत गेले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा दाखल झाला आहे. अजून एक रुपया परत आलेला नाही.

पालकांची बैठक मी स्वतः मागितली. कोइमतूरहून, अमृतसरहून लोक फोनवर होते. मी उभी राहून सगळं सांगितलं, काकांनी शंका काढली होती आणि मी ती मोडून काढली हेसुद्धा. कुणी ओरडलं नाही. एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, “बाई, पैसं आमची पोरं आगीम्होरं बसून मिळवत्यात. पुन्हा असं करताना त्येवढं ध्यानात ठेवा.” याहून कडक शब्द मला कुणी बोललं नाही, आणि याहून जास्त काही बोलायची गरजही नव्हती.

आता निधीचं वेगळं बँक खातं आहे, दोन पालक आणि सर अशा तिघांपैकी दोन सह्या लागतात. साहित्य शाळेत उतरल्याशिवाय पैसे देत नाही. शिक्षकांचे अर्ज पूर्वीसारखेच एका पानाचे आहेत. नकाशा आम्ही काढला, तेलरंगानं, भिंतीवर. माझ्याच फोनवर मुलं आळीपाळीनं वडिलांशी बोलतात.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले ते आता सांगते. जूनमध्ये मराठवाड्यातल्या एका शाळेतून एका शिक्षिकेचा फोन आला. “मॅडम, तुमच्या शाळेचा फोटो आम्हाला दाखवला, फार छान काम झालंय. साहित्य टिकाऊ आहे ना?” त्यांच्या गावानं ४० हजार गोळा करून ठेवले होते, द्यायचे बाकी होते. तोच माणूस, नाव दुसरं, कंपनी दुसरी. फोटोतल्या दाराच्या पाटीवर शाळेचं नाव वाचून त्यांनी आमचा नंबर शोधला म्हणून त्या वाचल्या. आमची लेकरं त्याची जाहिरात झाली आहेत, हे ऐकून माझे हात थरथरले.

तो फोटो असा आहे. लिंबाचं झाड, डावीकडे हातपंप, मागं पिवळ्या भिंतीची दोन खोल्यांची शाळा. निळा फलक. चार रांगांत ४१ मुलं, पुढच्या रांगेतल्या एका मुलीच्या हातात पृथ्वीगोल. हा फोटो दाखवून कुणी तुमच्या शाळेत लोकवाटा मागत असेल तर त्याला बसवून ठेवा आणि पोलिसांना फोन करा. त्या शाळेत ते सहा तक्ते आणि तो गोल सोडून दुसरं काहीही आलेलं नाही.