आंबोलीची रात्रीची बेडूकफेरी: पैसे नक्की कशाचे द्यायचे?

पावसाळ्यात आंबोलीतले स्थानिक वाटाडे रात्री बेडूक दाखवायला नेतात. मलबारी उडता बेडूक (झाडावरून तरंगत उतरणारा) बघायचा तर ही फेरी घ्यावीच. फक्त ठरवताना ‘किती प्रजाती दाखवाल?’ असं विचारू नका. मग आकडा गाठायच्या नादात पळवतात, आणि खरं बघण्यासारखं असतं ते एकाच झाडाखाली.

जाणता वाटाडा डबक्यावर झुकलेल्या फांदीपाशी थांबवतो. या उडत्या बेडकाची मादी तिथे अंगातून स्रवलेला द्रव मागच्या पायांनी घुसळून फेस काढते आणि त्यातच अंडी घालते. नर पाठीवर घट्ट बसलेला असतो. ताजा फेस पांढराशुभ्र असतो. वरून सुकला की पिवळट होतो, आत मात्र ओलच राहते. पुढे पावसाने तो विरघळतो आणि टॅडपोल टपटप खाली पाण्यात पडतात. मधेच पावसाने ओढ दिली, डबकं आटलं, की वरचं घरटं वाया जातं. हे काहीच न सांगता नुसता टॉर्च मारत पुढे जाणारा वाटाडा भेटला, तर निम्मे पैसे पाण्यात.

उडता बेडूक बसलेला असला की त्याच्या बोटांमधला लालसर पडदा फारसा दिसत नाही. तो फोटोत यावा म्हणून बेडूक हातात घेणारे, उडवून दाखवणारे असतात. त्यांच्याकडे जाऊच नये. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, आणि आपल्या हाताला डासांचं मलम असतं.

झुडपी बेडूक आधी ऐकू येतात, टाइपरायटर चालावा तसे. त्यांच्या अंड्यांतून थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो, टॅडपोल नाहीच. त्यामुळे त्यांना डबकं लागत नाही, ओला पालापाचोळा पुरतो. पायवाट सोडायची नाही ती यासाठी, नाहीतर अंडी पायाखाली येतात. 2009 मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला आंबोली टोड हवा असेल तर पावसाच्या सुरुवातीलाच या. तो जांभ्या सड्यावरच्या (उघड्या कातळी पठारावरच्या) तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतो.

गट सहाच्या वर नको, मागचे नुसते पाठी बघत उभे राहतात. कातळावर शेवाळ असतं, त्यामुळे खाचदार तळाचे गमबूट घाला. फांदीला हात लावण्याआधी उजेड टाका, हिरवा चापडा हा विषारी साप पानांत बेमालूम लपतो. जळवांसाठी लांब मोजे पुरतात; मीठ डबक्याजवळ सांडू नका, बेडकाच्या कातडीला ते सोसत नाही. दुसऱ्या जंगलातून येत असाल तर बूट घासून, पूर्ण वाळवून आणा. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून पसरते.