वेब वर्करमधून फेच: आठ महिन्यांनंतर

चवथीच्या आदल्या शुक्रवारी म्हापशात बाजार तुडुंब, आमच्या घाऊक दुकानात काउंटरवर रांग, आणि ब्राउझरमधलं बिलाचं पान गोठलेलं. टाइप केलेलं अक्षरसुद्धा उमटेना. दुरुस्तीवाला म्हणाला, चार जीबी रॅमवर आता भागणार नाही, नवा कॉम्प्युटर घ्या. चाळीस हजार! मी सरळ नाही म्हटलं आणि त्याच रात्री मालाच्या यादीचं सगळं फेच (सर्व्हरवरून माहिती मागवणं) वेब वर्करमध्ये, म्हणजे पानामागे वेगळ्या चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, हलवलं.

पहिले दोन आठवडे फरकच नाही, म्हणून चिडलो होतो. नंतर कळलं की चूक माझ्या समजुतीत होती. फेच मुळात असिंक्रोनस (उत्तरासाठी बाकी काम न थांबवणारं), नेटवर्कची वाट बघताना मेन थ्रेड, म्हणजे पान आणि टायपिंग सांभाळणारी कामाची मुख्य रांग, अडत नाहीच. अडतो तो अख्ख्या यादीचं जेसन (सर्व्हरकडून मजकुराच्या रूपात येणारा डेटा) उलगडताना. ते काम मी वर्करमध्ये नेलं होतं खरं, पण उलगडलेली पूर्ण यादी पोस्टमेसेजने (वर्कर आणि पान यांच्यात संदेश पाठवायची सोय) पानाकडे परत पाठवत होतो. तिथे स्ट्रक्चर्ड क्लोन या ब्राउझरच्या पद्धतीने सगळ्याची नक्कल होते, आणि ती पुन्हा उभी करायचं ओझं मेन थ्रेडवरच पडतं. दारातून बाहेर काढलेलं पोतं खिडकीतून परत आत!

हा एक मुद्दा मी प्रत्येकाला सांगतो: वर्करकडून कमीत कमी परत मागवा. आता यादी तिथेच राहते. पानाकडून शोधायचा शब्द जातो, वीस ओळी येतात, बस. टाइप करताना पान अडत नाही, तेही त्याच जुन्या कॉम्प्युटरवर. बायनरी डेटा (कच्चे बाइट्स) असेल तर तो धरणारा अ‍ॅरेबफर ट्रान्सफर करा, म्हणजे मूळच सोपवा, नक्कल होत नाही. फक्त पाठवणाऱ्याकडचा बफर रिकामा होतो, हे ध्यानात ठेवा.

त्रासही झाला. वर्करमध्ये लोकल स्टोरेज (पानाची छोटी माहिती ब्राउझरमध्ये ठेवायची जागा) नाही, म्हणून लॉगिनचं टोकन, म्हणजे ओळखीची खूण, संदेशातून द्यावं लागतं. रिलेटिव्ह (अर्धाच लिहिलेला) पत्ता पानाच्या नव्हे, वर्करच्या फाइलच्या हिशेबाने धरला जातो. यात माझी एक संध्याकाळ गेली.

इंडेक्स्ड-डीबी, म्हणजे ब्राउझरमधला डेटाबेस, मात्र वर्करमध्ये चालतं, याचा मला फार आनंद झाला. यादी तिथे साठवून ठेवली. एकदा पावसात वीज गेली, राउटर बंद पडला, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता. उघडं पान यादी शोधून देत राहिलं आणि दुपारपर्यंत एकाही गिऱ्हाइकाला परत पाठवावं लागलं नाही.