सिद्रतुल मुंतहा आणि जक्कूम: वरचं झाड, खालचं झाड

कुरआनातली ही दोन झाडं शेजारी ठेवून वाचाच. सिद्रतुल मुंतहा म्हणजे शेवटच्या हद्दीवरचं बोरीचं झाड, हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचन-आठवणींत) मेराजच्या, म्हणजे पैगंबर मुहंमदांच्या आसमानांतल्या प्रवासाच्या, वर्णनात ते सातव्या आसमानात येतं, पानं हत्तीच्या कानाएवढी, बोरं हजर नावाच्या गावच्या रांजणांएवढी, मुळाशी चार नद्या आणि त्यातल्या दोन चक्क नाईल नि फुरात (युफ्रेटिस)! कुरआनाच्या 53व्या सूरेत (अध्यायात) तर त्या झाडाला कशानं झाकलं होतं ते उघड सांगितलेलंच नाही, आणि मला ते न सांगणंच सगळ्यात भारी वाटतं.

जक्कूमचं तसं नाही, तिथे सगळं थेट. जहन्नमच्या तळातून उगवतं, फळं सैतानांच्या डोक्यांसारखी, खाल्लं की पोटात उकळतं. भीती लगेच बसते, पण मन रेंगाळतं ते सिद्रापाशीच.