हार्डवेअर वॉलेट संगणकाला जोडताना: केबल, ब्लूटूथ की क्यूआर?

घोडबंदर रस्त्यावर राहणारे आणि ऐरोलीत नोकरी करणारे माझे एक स्नेही हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टो नाण्यांची गुप्त किल्ली सांभाळणारे छोटे उपकरण, घेण्याच्या विचारात होते. 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या एक्स्चेंजमधून, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारातून, सुमारे 23 कोटी डॉलरची क्रिप्टो मालमत्ता चोरीला गेली, तेव्हापासून आपली नाणी आपल्याच ताब्यात असावीत असे त्यांना वाटू लागले होते. कोणत्या कंपनीचे उपकरण घ्यावे, असे त्यांनी मला विचारले. मी मात्र त्यांना आधी हे विचारले की, ते उपकरण कोणत्या संगणकाला आणि कोणत्या मार्गाने जोडणार आहात? उपकरणाची निवड बरीचशी याच उत्तरावर ठरते.

जोडणीतून नेमके काय जाते, हे आधी स्पष्ट असावे. खासगी किल्ली, म्हणजे नाणी हलवण्याचा अधिकार देणारा गुप्त आकडा, उपकरणातच तयार होते आणि तिथेच राहते. संगणक सही नसलेला व्यवहार उपकरणाकडे पाठवतो, उपकरण तो स्वतःच्या पडद्यावर दाखवते आणि तुम्ही मंजुरी दिल्यावर केवळ सही, म्हणजे त्या किल्लीने केलेली डिजिटल मंजुरी, परत पाठवते. त्यामुळे केबल लावली म्हणून किल्ली चोरीला जात नाही. धोका आहे तो संगणक तुमच्याशी खोटे बोलण्याचा. तुम्ही कॉपी केलेला पत्ता, म्हणजे नाणी जिथे पाठवायची ती अक्षरे आणि आकडे, पेस्ट होताना बदलणारे व्हायरस आहेत, आणि हुबेहूब दिसणारी बनावट अ‍ॅप तुमच्याकडे बारा किंवा चोवीस शब्दांची सीड फ्रेज मागतात; हे शब्द ज्याच्या हाती लागतील तो सगळी नाणी हलवू शकतो. म्हणून तिन्ही मार्गांची तुलना मी एकाच कसोटीवर करतो: संगणकाने फसवले तर ते तुमच्या लक्षात येण्याची संधी कोणत्या मार्गात अधिक आहे?

यूएसबी केबल हा सर्वांत रुळलेला मार्ग आहे. लेजर नॅनो एस प्लस, ट्रेझर सेफ 3 आणि सेफ 5 ही उपकरणे याच मार्गाने चालतात, बिटकॉइनबरोबर इथर (इथेरियमचे नाणे) आणि इतर अनेक नाणी सांभाळतात आणि नवख्या माणसालाही लवकर जमतात. केबल शक्यतो खोक्यातलीच वापरावी. यूएसबी 2.0 केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. केवळ चार्जिंगसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त केबलमध्ये माहितीच्या तारा नसतात, त्यामुळे उपकरण सुरू होते पण संगणकाला ते दिसत नाही. अशा वेळी घाबरून इंटरनेटवर उपाय शोधणारा माणूस नेमका बनावट मदत केंद्राच्या हाती सापडतो, म्हणून हा किरकोळ वाटणारा तपशील मी मुद्दाम सांगतो.

केबलच्या मार्गात खरी कसोटी संगणकाची असते. ऑफिसचा लॅपटॉप यासाठी वापरूच नये. त्यावर कंपनीची देखरेख असते आणि अनेक ठिकाणी यूएसबी पोर्टही बंद ठेवलेले असतात. घरातल्या ज्या संगणकावर मुलांनी क्रॅक केलेले गेम टाकले आहेत, किंवा कोणाच्या तरी सांगण्यावरून एनीडेस्कसारखे दूरनियंत्रणाचे अ‍ॅप बसवले आहे, तोही बाद समजावा. वॉलेटचे अ‍ॅप उत्पादकाच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करूनच उतरवावे, कारण शोधयंत्रातल्या जाहिराती आणि अ‍ॅप स्टोअर यांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरमध्येच लेजर लाइव्ह या लेजरच्या अ‍ॅपची नक्कल शिरली होती आणि तिच्यामुळे लोकांनी लाखो डॉलर गमावले. क्रोमसारखे ब्राउझर यूएसबी उपकरणाशी थेट बोलू शकतात. ही सोय असली तरी कोणत्याही संकेतस्थळाला तशी परवानगी देण्यापेक्षा उत्पादकाचे संगणकावरचे अ‍ॅप वापरणे मला अधिक सुरक्षित वाटते. काम झाल्यावर केबल लगेच काढावी, कारण पिन टाकून उघडलेले उपकरण तासन्‌तास जोडलेले ठेवण्याचे काहीच कारण नसते.

ब्लूटूथविषयी फार लिहिण्यासारखे नाही. लेजर नॅनो एक्ससारख्या उपकरणात किल्ली याही मार्गाने बाहेर जात नाही, आणि जोडताना दोन्ही पडद्यांवरचा आकडा जुळवून पाहिला तर मधे कोणी शिरण्याची शक्यता फारच कमी होते. पण ही सोय मुख्यतः मोबाइलसाठी आहे, आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने करावा असा हा व्यवहार नव्हे. शिवाय ब्लूटूथसाठी उपकरणात बॅटरी लागते आणि कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेली बॅटरी खराब होते. संगणकावरच काम करणार असाल तर या सोयीसाठी जास्त पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे.

तिसऱ्या मार्गात माहितीची तार नसतेच. कीस्टोन क्यूआर कोडने बोलते, तर कोल्डकार्ड हे कॅनडातल्या कंपनीचे उपकरण मायक्रोएसडी कार्डावरून व्यवहार घेते. बिटकॉइनसाठी संगणकावर स्पॅरोसारखे अ‍ॅप अर्धवट, म्हणजे सही नसलेला, व्यवहार तयार करते, उपकरण त्याची क्यूआर किंवा फाइल वाचून सही करते आणि सही त्याच वाटेने परत येते. यूएसबीतून घुसणाऱ्या व्हायरसला इथे वाटच उरत नाही, आणि कामाची गती आपोआप मंदावल्यामुळे माणूस पडदा नीट वाचतो. हा दुसरा फायदा मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. तरीही या मार्गाला अभेद्य मानू नये. क्यूआरमध्ये काय दडले आहे ते डोळ्यांना वाचता येत नाही, त्यामुळे चुकीचा पत्ता यातूनही तितक्याच सहज येऊ शकतो. ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर झालेल्या डार्क स्किपी या पद्धतीने तर असे दाखवून दिले की, उपकरणात खोटे फर्मवेअर (उपकरण चालवणारे आतले सॉफ्टवेअर) असेल तर ते सहीच्या आकड्यांत दडवून सीड बाहेर पाठवू शकते, मग तार असो वा नसो. फर्मवेअरची खातरजमा म्हणूनच इथेही टळत नाही. कोल्डकार्ड केवळ बिटकॉइनसाठी आहे, हेही घेण्याआधी लक्षात असावे.

एक घटना मात्र या तिन्ही मार्गांना सारखीच लागू पडते. 21 फेब्रुवारी 2025 रोजी बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे 150 कोटी डॉलरचे इथर गेले. सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होते. परंतु संगणकावर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि उपकरणाच्या छोट्या पडद्यावर त्याचा खरा अर्थ वाचता येत नव्हता. यावरून मी असे मानतो की पैसे जास्त घालायचेच असतील तर ते मोठ्या, वाचता येणाऱ्या पडद्यासाठी घालावेत. पत्ताही पूर्ण वाचावा, कारण सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे सारखी असलेले पत्ते मुद्दाम तयार केले जातात.

ज्यांच्याकडे केवळ बिटकॉइन आहे, रक्कम मोठी आहे आणि वर्षातून एकदोनदाच ती हलवायची आहे, त्यांनी क्यूआर किंवा मायक्रोएसडीचा मार्ग घ्यावा. ज्यांच्याकडे अनेक नाणी आहेत आणि स्वतःचा स्वच्छ संगणक आहे, त्यांना मोठ्या पडद्याचे यूएसबी उपकरण पुरेसे आहे. संगणक स्वच्छ नसेल तर उपकरणाआधी त्याची सोय करावी.

माझ्या स्नेह्यांकडे निम्मे इथर होते, त्यामुळे कोल्डकार्ड बाद झाले. त्यांनी जुना लॅपटॉप पूर्ण पुसून त्यावर नव्याने लिनक्स टाकले आणि यूएसबीचे टचस्क्रीन उपकरण थेट उत्पादकाकडून मागवले. चोवीस शब्द कागदावर लिहून झाल्यावर त्यांनी आधी केवळ पाचशे रुपयांचे इथर त्यावर पाठवले, मग उपकरण पुसून टाकले आणि ते शब्द उपकरणाच्याच पडद्यावर भरून वॉलेट पुन्हा उभे केले. तोच पत्ता पुन्हा दिसल्यावरच त्यांनी उरलेली रक्कम हलवली.