इंकस्केपवर वॉलपेपरची नक्षी: कोकणातल्या कमानी आणि कौलांसाठी कितपत पुरतं?

भटकंतीत पाहिलेल्या वास्तूंवरून वॉलपेपरची नक्षी बसवायची असेल, तर इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर बहुतेक काम भागवतं. अडतं ते छपाईशी येऊन. त्याबद्दल पुढे.

कमान, गज, कौल, चिरा या सगळ्या गोष्टी मुळातच मोजून-मापून आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या. इंकस्केप रेषांवर चालतं, ठिपक्यांवर नाही. त्यामुळे बोटभर काढलेली कमान भिंतभर केली तरी कडा फाटत नाहीत. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याची अर्धवर्तुळाकार लाकडी खिडकी हा सुरुवातीला उत्तम नमुना. फोटो समोरून, शक्य तितक्या लांबून काढा. जवळून मान वर करून काढलेल्या फोटोत खिडकी वर निमुळती होते आणि ती चूक नक्षीत शेवटपर्यंत राहते. फोटो ४० टक्के पारदर्शक करून खाली ठेवा आणि वरून हाताने गिरवा. फोटोवरून आपोआप रेषा काढणाऱ्या ‘ट्रेस बिटमॅप’चा मोह टाळा, त्यातून शेकडो नको असलेले बिंदू निघतात आणि ते साफ करण्यात हाताने काढण्यापेक्षा जास्त वेळ जातो. खिडकी अर्धीच काढून आरशासारखी उलटवायची. वरचा अर्धगोल वर्तुळाच्या साधनानेच निघतो, सुरुवात-शेवटाचे कोन दिले की झालं. रेषा प्रत्यक्ष छपाईत किमान १ मिलिमीटरची हवी. अर्ध्या मिलिमीटरची रेषा पडद्यावर नाजूक दिसते, पण सहा फुटांवरून भिंतीत विरून जाते.

या सॉफ्टवेअरची खरी किंमत आहे ‘क्रिएट टाइल्ड क्लोन्स’मध्ये. एका आकृतीच्या जोडलेल्या प्रती (क्लोन) ओळीने मांडणारं हे साधन ‘एडिट’मधल्या ‘क्लोन’खाली सापडतं. मूळ आकृतीत कौलाचा रंग बदलला की सगळ्या प्रतींत बदलतो. ‘शिफ्ट’च्या पानावर ‘शिफ्ट वाय’च्या ओळीत ‘पर कॉलम’ ५० टक्के देऊन ‘अल्टरनेट’वर खूण केली, की एकाआड एक उभी ओळ निम्म्याने खाली सरकते. खिडक्या एका रांगेत कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या दिसत नाहीत.

इथे तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला मापाचा. तुकड्याचं, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका घटकाचं, माप आकृतीच्या बाहेरच्या चौकटीवरून धरलं जातं आणि त्यात रेषेची जाडीही मोजली जाते. म्हणून आधी बाह्यरेषा नसलेला २६५ × ६४० मिलिमीटरचा आयत काढा, त्याचा गट (ग्रुप) करा, गटाच्या प्रती पाडा आणि मग मूळ गटात शिरून खिडकी बसवा. पुन्हा प्रती पाडताना ‘यूज सेव्ह्ड साइज अँड पोझिशन’वर खूण हवी, नाहीतर खिडकीभोवती काढलेली एखादी वेल जरा आयताबाहेर गेली की सगळी अंतरं विस्कटतात. दुसरा, आयताला रंग भरलेला असेल तर शेजारच्या तुकड्याची पार्श्वभूमी बाहेर आलेल्या वेलीवर बसते. आयत बिनरंगी करा आणि पार्श्वभूमी सगळ्यांखाली एकच, मोठी ठेवा. तिसरा चटकन लक्षात येत नाही: पहिली प्रत मूळ आकृतीच्या बरोब्बर वर पडते. रंग अर्धपारदर्शक असतील तर तेवढी एकच खिडकी गडद छापून येते. ती पहिली प्रत काढून टाका. मूळ मात्र ठेवाच, बाकीच्या प्रती त्यावरच अवलंबून असतात.

जांभ्याच्या चिऱ्यांसाठी ‘कलर’च्या पानावरचं ‘रँडमाइज’ झकास आहे. प्रत्येक चिरा थोडा उजळ, थोडा काळपट होतो. मात्र मूळ चिऱ्याचा रंग ‘अनसेट’, म्हणजे ठरवून न दिलेला, हवा, नाहीतर काहीच बदलत नाही. माडाची झाडं मात्र आवरा. एक माड घातला की चिरेबंदी घराची नक्षी रिसॉर्टच्या लॉबीत जाऊन बसते.

आता २६५ मिलिमीटरच का? बाजारातला नेहमीचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब असतो. एका पट्टीत दोन उभ्या ओळी बसवल्या, की निम्म्याने सरकणं पट्टीच्या आतच उरकतं आणि पट्ट्या एकमेकींना सरळ जुळतात. तेच ५३ सेंटिमीटरचा एकच तुकडा ठेवून पट्टीगणिक सरकवला तर दहा फुटी भिंतीला काय होतं बघा. उंची ३०५, वर-खाली कापायला १०, म्हणजे पट्टी ३१५ सेंटिमीटरची. नक्षी दर ६४ सेंटिमीटरला पुन्हा येते, म्हणून सरळ जुळणीत पट्ट्या ०, ३२० आणि ६४० वर सुरू होतात, रोलमधून तीन निघतात. सरकत्या जुळणीत त्या ०, ३५२ आणि ७०४ वर सुरू होतात आणि तिसरी १४ सेंटिमीटरनी कमी पडते. दोन रोल एकाआड एक वापरून हे टाळता येतं, पण लावणाऱ्या कारागिराने ते ध्यानात ठेवायला हवं. नक्षीतच सोडवलेलं बरं.

फाइल बाहेर काढताना १५० डीपीआय, म्हणजे इंचाला १५० ठिपके, पुरतो. ६४० मिलिमीटरचे तेवढ्यात ३७७९.५ पिक्सेल होतात आणि तो अर्धा पिक्सेल सांध्यावर केसाएवढी फिकट रेघ सोडतो. उंची ६४०.०८ धरा, बरोबर ३७८० होतात. रुंदीला ५३०.०१३ धरली की ३१३०. पार्श्वभूमी पानाबाहेर ५ मिलिमीटर जाऊ द्या.

रंग ही इंकस्केपची दुबळी बाजू. काम आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरवा-निळा रंगपद्धतीत, चालतं, पीडीएफही तशीच निघते, आणि छापखान्यातलं यंत्र आपल्या पद्धतीने रूपांतर करतं. मंगलोरी कौलाचा तजेलदार नारिंगी त्यात सगळ्यांत आधी मळतो. पीडीएफ स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत, करता येते. तेही फुकट आहे, पण एक पायरी वाढते. काही केलं तरी ज्या कागदावर छापायचं त्याच कागदावर ए-४ एवढा नमुना काढल्याशिवाय पूर्ण ऑर्डर देऊ नका, आणि तो नमुना ट्यूबलाइटखाली न बघता त्या भिंतीवर, दिवसा बघा.

कागद निवडणं सॉफ्टवेअरच्या हातात नाही, पण कोकणात सगळी मेहनत तिथेच वाया जाऊ शकते. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी धरून ठेवतो. अशा भिंतीवर व्हिनाइल, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेला कागद, लावला की ओल बाहेर पडत नाही आणि मागे काळी बुरशी धरते. श्वास घेणारा नॉन-वोव्हन (न विणलेल्या तंतूंचा) कागद घ्या, बुरशीरोधक खळ वापरा आणि पावसाचा मारा बसणारी पश्चिमेची भिंत सोडा. लावायचं काम दिवाळीनंतर भिंत नीट सुकल्यावरच काढा.