एनए ऑर्डर खरी होती, जमीन दुसरी होती

मुळशीत घर बांधायचं म्हणून 2019 मध्ये बाबांच्या फंडातून पाच गुंठे घेतले. एजंट ओळखीतला, बाबांना 'अण्णा' म्हणायचा. गावी बाबांच्या नावावर सातबारा आहे, त्यामुळे शेतजमीन घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. एनएचं, म्हणजे जमीन बिनशेती झाली आहे का ते विचारल्यावर त्याने ऑर्डरची झेरॉक्स पुढे केली. गोल शिक्का, जावक क्रमांक, सही, सगळं जागच्या जागी. बाबांनी दोनदा वाचली. पण त्यातला गट नंबर खरेदीखताशी ताडून बघायचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

खरेदीखत झालं नऊ जणांचं मिळून. "सातबारा नंतर वेगळे करून देतो, अण्णा." शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडायला आडकाठी करणारा तुकडेबंदीचा कायदा 1947 पासूनचा, त्यामुळे पाच गुंठ्यांचा स्वतंत्र सातबारा त्या वेळी होत नव्हता, हे मला ठाऊक नव्हतं. त्याने खांब रोवून तार ओढली आणि 'हा तुमचा' म्हणाला. सरकारी मोजणी झालीच नव्हती.

मग बांधकाम परवानगीचे वेगळे चाळीस हजार. महिनाभरात ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला हातात आला आणि आम्ही त्यालाच परवानगी समजलो. सगळ्यात मोठी चूक ही. गावठाणाबाहेर ती परवानगी नियोजन प्राधिकरणाकडूनच घ्यावी लागते. जोतं भरून झालं त्याच आठवड्यात नगररचना अधिनियमाच्या कलम 53 ची, विनापरवाना बांधकामाची नोटीस आली.

झेरॉक्स घेऊन तहसीलला गेलो. लिपिकाने जावक रजिस्टर काढलं. ऑर्डर खरी, पण ओढ्यापलीकडच्या गटाची. आमच्या गटाचा झोन दाखला, म्हणजे जमीन आराखड्यात कुठल्या विभागात येते त्याचा कागद, मग मीच काढला: डोंगरउतार. 1:5 पेक्षा (पाच फूट आडव्याला एक फूट चढ) तीव्र उतारावर बांधकाम चालत नाही, म्हणजे रीतसर अर्ज केला असता तरी तिथे घर झालंच नसतं. झोन दाखला मागायला एक अर्ज पुरतो. पैसे देण्याआधी तो केला असता तर बाबांचा फंड वाचला असता. त्या दिवसापासून बाबा तिकडे फिरकलेले नाहीत.

पोलिसांत तक्रार दिली आहे. एजंटाचा फोन बंद आहे. बाकीच्या आठपैकी तिघांकडे हीच झेरॉक्स निघाली. तुमच्याकडे अशी एखादी ऑर्डर असेल, तर तिच्यातला गट नंबर आजच सातबाऱ्याशी लावून बघा, आणि सातबाऱ्यावर बिनशेतीची नोंद आहे का तेही पाहा.